बेळगुंदीच्या काजूबागेत

बेळगावहून राकसकोपकडे जाणारी बस गणेशपूर, बेनकनहळ्ळी ही गावे मागे टाकून पश्चिमेच्या अंगाला निघाली, की मातीचा रंग हळूहळू बदलू लागतो. शहापूर-येळ्ळूरकडील काळी, चिकट जमीन मागे राहते आणि तांबडी, मुरमाड माती रस्त्याच्या दोन्ही कडांना दिसू लागते. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर बेळगुंदी येते. कौलारू घरे, रवळनाथाचे देऊळ, पावसाळ्यात भाताची खाचरे, उतारावर रताळ्यांचे वेल, आणि माळावर काजूची झाडे. पुढे मार्कंडेय नदीवरील राकसकोपचा जलाशय लागतो. बेळगावकर नळाची तोटी सोडतात, तेव्हा जे पाणी येते त्यातले बरेचसे या जलाशयातले असते. जलाशयाच्या पलीकडे तुडये, ते महाराष्ट्रात. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही. गव्यांचे कळप इकडून तिकडे आणि तिकडून इकडे येतात-जातात. उतारा, शाळा आणि तालुका या तीन गोष्टींसाठी मात्र माणसाला हद्द पाळावी लागते.

अशा या गावी एक मराठी साहित्य संमेलन भरते, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. मी या भागात प्रथम आलो तो त्याच निमित्ताने, श्रोता म्हणून. पुढे नोकरीमुळे या पंचक्रोशीशी दीर्घकाळ संबंध आला. माझ्या हाताखालून गेलेली मुले आज बेळगावच्या कारखान्यांत आहेत, पुण्यात आहेत, आखाती देशांत आहेत. आणि एक फ्रान्सच्या दक्षिणेकडील तुलूझ या शहरात विमानांच्या कारखान्याशी निगडित काम करतो. गेल्या मे महिन्यात त्याचा निरोप आला. "सर, गावी आलोय. एक संध्याकाळ आमच्या बागेत या. अण्णांनीही बोलावलंय."

'अण्णा' म्हणजे त्याचा थोरला भाऊ. दोघांनी मिळून बोलावले म्हणजे काय प्रकरण असावे, याचा अंदाज मला आला. खेड्यात मुख्याध्यापकाला दोनच वेळा आवर्जून बोलावतात : पत्रिकेतील शुद्धलेखन तपासायला आणि भावाभावांच्या वाटणीत बसायला. घरात लग्न नव्हते.

या मुलांचे वडील, आप्पा, दीड वर्षापूर्वी गेले. मागे साडेचार एकर जमीन. अडीच एकर भाताची, दोन एकर माळ. २००५ च्या पावसाळ्यात आप्पांनी त्या माळावर काजूची दीडशे कलमे लावली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेली 'वेंगुर्ला-७' ही जात. त्या वर्षीचा पाऊस कोण विसरेल? सव्वीस जुलैला मुंबई बुडाली, कृष्णेच्या पुराने सांगली-कोल्हापूरकडे हाहाकार उडवला. आमच्या या पश्चिम भागात खड्डे भरून वाहत होते आणि आप्पा इरले घेऊन कलमांच्या मुळाशी साचलेले पाणी वाट काढून देत होते. धाकटा त्याच वर्षी शिक्षणासाठी गावाबाहेर पडला. ती झाडे आता वीस वर्षांची झाली आहेत. त्या माळावरून जलाशयाचे पाणी दिसते. म्हणून शहरातील एका गिऱ्हाइकाने अख्ख्या माळाला भाव सांगितला होता. बंगल्यांसाठी.

मी पोहोचलो तेव्हा चार वाजले असतील. धाकटा मला घरात न नेता थेट विहिरीवर घेऊन गेला. विहिरीत दोरीला एक घागर लोंबत होती. त्याने ती अलगद वर ओढली. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली, उभी ठेवलेली काळपट हिरव्या रंगाची बाटली होती. "दोन दिवस उभी ठेवलीय, सर. गाळ खाली बसायला पाहिजे. आणि या उन्हात ती घरात ठेवली असती तर तिचा काढाच झाला असता."

ती बोर्दोची तांबडी वाइन होती. वर्ष २००५.

वाचकहो, येथे थोडे थांबून मला माझ्याविषयी सांगितले पाहिजे. माझे वडील माळकरी होते. माझ्या गळ्यात माळ नाही. पण घरात मद्य आले नाही आणि पन्नाशी उलटेपर्यंत मी ते चाखलेही नव्हते. शिवाय शिक्षकाच्या नोकरीत दारूचे जे दर्शन घडते, ते तिच्याविषयी काव्य करू देत नाही. एक मुलगा दर सोमवारी गृहपाठाशिवाय येत असे. मी त्याला दोन-तीनदा रागावलो. चौथ्या खेपेला त्याच्या बहिणीने सांगितले, की रविवारी मजुरी मिळते, रात्री बाप दप्तर बाहेर फेकतो. त्यानंतर मी सोमवारी गृहपाठ तपासणे बंद केले. कर्नाटक शासनाने २००७ च्या जुलैपासून अरॅकवर बंदी घातली, तेव्हा आम्हा शिक्षकांना बरे वाटले होते. पुढे दुसऱ्या बाटल्या आल्या, हेही आम्हीच पाहिले. तेव्हा त्या ओल्या बाटलीकडे पाहून मी काहीच बोललो नाही.

माझे मौन त्याने ओळखले. "सर, प्यायलाच पाहिजे असं नाही. पण अण्णाला मला काहीतरी सांगायचंय आणि ते मला तोंडानं सांगता येत नाही. तुम्ही नुसते बसा."

आम्ही माळावरच्या खोपीत बसलो. घरात आई होती, देवघर होते, म्हणून ही जागा. सभोवती काजूचा शेवटचा हंगाम. झाडाखाली पिवळी-तांबडी बोंडे पडलेली, त्यांवर माश्या घोंघावत होत्या आणि आंबूस-गोड वास हवेत भरून राहिला होता. बी पिरगाळून घेतली, की बोंडाला कोणी विचारत नाही. थोडी गुरांना जातात, बाकीची कुजतात.

धाकट्याने बूच काढायला घेतले. ते अर्ध्यावर मोडले; उरलेले त्याने जपून, चिमट्याने दात काढावा तसे बाहेर काढले. मग घरून आणलेल्या काचेच्या जगात तो ती वाइन संथपणे ओतू लागला. बाटलीच्या मानेमागे त्याने विजेरी धरली होती. शेवटी काळसर गाळाची एक रेघ मानेपर्यंत आली, तसा तो थांबला. बाटलीत दोन बोटे उरू दिली. माझ्या आईची ताक निवळण्याची रीत मला आठवली. हात हलता कामा नये.

"ही कुठल्या मोठ्या नावाच्या घराण्यातली नाही," तो म्हणाला. बोर्दो शहराच्या पूर्वेला, दोर्दोन्य नदीच्या काठी कास्तियों नावाचे गाव आहे. १४५३ साली तेथे झालेल्या लढाईने इंग्लंड-फ्रान्समधील शंभर वर्षांचे युद्ध संपले, असे इतिहासात आपण वाचतो. त्या गावाभोवतीच्या चुनखडीच्या टेकड्यांवर एका कुटुंबाचा सहा हेक्टरांचा, म्हणजे सुमारे पंधरा एकरांचा, द्राक्षमळा आहे. तुलूझहून मोटारीने अडीच-तीन तासांच्या अंतरावर. सुट्टीत फिरताना ओळख झाली आणि गेली काही वर्षे हा सप्टेंबरअखेरीस तेथे द्राक्षे तोडायला जातो. मजुरी म्हणून जेवण आणि बाटल्या मिळतात. यंदा निघताना मालकिणीने तळघरातून ही बाटली काढून दिली. वर्ष यानेच मागून घेतले होते.

"इकडे त्या साली पूर आला होता. तिकडे पाऊसच नव्हता, सर. कोरडं साल. द्राक्षं बारीक राहिली, साल जाड, रस घट्ट. तिथली माणसं अजून त्या सालाचं नाव काढतात."

पेल्यात त्याने दोन घोटांपेक्षा अधिक ओतली नाही. मी पेला हातात घेतला तो त्याचा मान राखण्यासाठी. उतरत्या उन्हात धरून पाहिला. मधोमध गडद डाळिंबी. काठाला मात्र रंग विटलेला, नव्या कौलाचा असतो तसा. धाकट्याने सांगितले, की तरुणपणी हिचा काठही जांभळा असतो. वय वाढते तशी ती काठाकडून तांबूस होत जाते. मग मी वास घेतला.

आणि मी निपाणीला पोहोचलो.

नोकरीची माझी पहिली वर्षे निपाणी भागात गेली. तेथे तंबाखूच्या वखारींवरून जाताना जो वास येतो, तो हिरव्या पानाचा नसतो आणि विडीच्या धुराचाही नसतो. वाळून, दबून, महिनोन् महिने अंधारात राहिलेल्या पानाचा तो गोडसर, कोरडा वास असतो. तोच येथे होता. त्याच्या मागे आजीच्या लाकडी पेटीचा, आणि त्याहून मागे पावसाळ्यानंतर झाडाखाली थरावर थर साचलेल्या पाल्याचा. द्राक्षाचा वास शोधूनही सापडला नाही. मी जिभेवर एक थेंबभर घोट घेतला. आंबट होता, पण वाळलेल्या कोकमाच्या जातीचा आंबटपणा. तुरटपणा होता, जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते तसा नव्हे, तर जांभळाची आठवण राहावी एवढाच. गोडी नव्हती. घोट गिळून गेल्यावर बराच वेळ तोंडात काहीतरी रेंगाळत राहिले. मला ती आवडली का? प्रामाणिकपणे सांगायचे तर 'आवडली' हा शब्द तेथे बसत नाही. एखादे फार वृद्ध माणूस हळू आवाजात बोलू लागले, की आपण नकळत पुढे सरकून ऐकतो. मी पुढे सरकलो होतो, एवढे खरे.

मी दुसरा घोट घेतला नाही. पण प्रश्न मात्र पुष्कळ विचारले, आणि त्याने माझ्याच वर्गात शिकल्यासारखी नीट उत्तरे दिली. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. ताज्या वाइनमध्ये तो जिभेला ओरखडे काढतो. वर्षे जातात तसे त्याचे कण एकमेकांना बिलगून मोठे होतात, रंगद्रव्यालाही सोबत घेतात, आणि शेवटी गाळ होऊन तळाला बसतात. म्हणून तुरटपणा निवतो आणि रंग फिका होतो. बाटलीत भरण्यापूर्वी ही वाइन ओक लाकडाच्या पिंपांत ठेवतात. बोर्दोचे पिंप सव्वादोनशे लिटरांचे. "पण सगळ्याच वाइनी अशा ठेवता येत नाहीत," तो म्हणाला. "बहुतेक दोन-चार वर्षांत पिऊन टाकायच्या असतात. मुळातच आत काही असेल तरच ती टिकते. आणि हीसुद्धा आता उघडल्यावर रात्रीपर्यंतच. उद्या सकाळी तिच्यात काही राहणार नाही."

आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे : मुरणे. पाऊस जमिनीत मुरतो, लोणचे बरणीत मुरते, गवई गाण्यात मुरतो, ताप अंगात मुरतो. बाहेरून काही न करता आतल्या आत काहीतरी घडत राहणे, हा त्याचा अर्थ. पण आंबणे आणि मुरणे यांत अंतर आहे, हे लोणचे घालणारी प्रत्येक गृहिणी जाणते. एकच कैरी, एकच मीठ. एक बरणी मुरते, दुसरीला बुरशी येते. द्राक्षाचा रस आंबवून टिकवण्याची कल्पनाही आपल्याला परकी नाही. धायटीची फुले घालून आंबवलेले द्राक्षासव आपल्यापैकी कोणाच्या घरी नव्हते?

इतका वेळ अण्णा गप्प होता. त्याने आपला पेला एका दमात रिकामा केला होता आणि तोंड वाकडे केले होते. आता तो म्हणाला, "ते सगळं खरं. पण हे तू सांगूलास कशाला?"

मग धाकट्याने मूळ गोष्ट काढली. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी मद्यशाळांची प्रतवारी लावली. भाव ज्याला अधिक, तो वरच्या पायरीवर. ती यादी जवळपास जशीच्या तशी आजही चालते. कास्तियोंच्या टेकड्यांना तिच्यात जागा नव्हती. पुढे काही वर्षांतच द्राक्षाच्या मुळांना लागणारी फिलॉक्सेरा नावाची कीड अमेरिकेतून आली आणि फ्रान्समधले मळेच्या मळे वाळले. शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकेतून : तिकडच्या रानटी वेलीच्या मुळावर आपल्या वेलीचे कलम बांधायचे. आज तासगावकडचा बागाईतदार डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधतो, ती हीच युक्ती. त्या कुटुंबाने एवढे सगळे सोसून मळा राखला. मग आताच्या पिढीत वाटणीची वेळ आली. फ्रान्सच्या कायद्याने सगळ्या मुलांना वारसा मिळतो. तीन भावंडे, सहा हेक्टर. तुकडे केले असते तर एकालाही पिंपे परवडली नसती. म्हणून त्यांनी जमीन अखंड ठेवून तिचे हिस्से कागदावर वाटले. तशी सोय तेथील कायद्यात १९७० पासून आहे. धाकटी बहीण मळा करते, बाकीचे दोघे शहरांत आहेत.

"आपणही तसंच करूया, अण्णा. माळ विकायला नको."

अण्णाने माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, आता तुम्हीच बोला. हिस्सा ह्याला कागदावर. आन् गवं राखायला रात्री कोण जाणार? मी. बोंडं वेचायला बायका मिळंनात. सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर. पोरीची कॉलेजची फी माझ्या खिशातली. हा तिकडं पेला फिरवून वास घेणार आन् म्हणणार, विकू नको. मला काय विकायची हौस आलीया? ही झाडं आप्पांनी लावताना घमेलं मी उचललंय. ह्यानं न्हवं."

खोपीत शांतता पसरली. धाकट्याचा चेहरा उतरला होता. मला त्या क्षणी वाटले, की बाटलीने जे सांगायचे होते ते बरोबर उलटे सांगितले. वीस वर्षांची चव दूर राहणाऱ्याच्या वाट्याला येते. वीस वर्षांची राखण जवळ राहणाऱ्याच्या. आणि आपणा महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना तर हे अधिक कळावे. गावच्या घराविषयी, देवाविषयी, जमिनीविषयी आपण किती प्रेमाने बोलतो! त्या घराची कौले दर पावसाळ्याआधी कोण चाळतो, हे विचारायचे मात्र राहून जाते.

मी धाकट्याला विचारले, "त्या बाईंना भाऊ काय देतात?"

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "ते वर्षाचा नफा मागत नाहीत. पिंपं त्यांनी घेऊन दिली. आणि तोडणीला दोघंही रजा काढून येतात."

"मग हे आधी का सांगितलं नाहीस?"

अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो. माझ्या पिशवीत शाळेची एक वही होती. तिच्या पानावर मी माझ्या हाताने चार ओळी लिहिल्या. माळ तीन वर्षे विकायचा नाही आणि वाटायचा नाही. काजूचे उत्पन्न राखणाऱ्याचे. धाकट्याने त्यात हिस्सा मागायचा नाही. गव्यांसाठी माळाभोवती कुंपण धाकट्याने घालून द्यायचे. पुढे विकायची वेळ आलीच, तर आधी एकमेकांना विचारायचे. धाकट्याने लगेच सही केली. अण्णाने कागद घडी करून खिशात ठेवला. "दिवाळीपर्यंत बघतो," एवढेच म्हणाला. मी आग्रह केला नाही.

परतताना पायाखाली बोंडे चिरडत होती. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले, की हेच बोंड सोन्याच्या मोलाचे होते. तेथे ते दगडी कोळंबीत तुडवून रस काढतात, आंबवतात, भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचा उर्राक, तो पुन्हा उकळला की फेणी. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला आणि फेणी इतकी गोव्याची झाली, की २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. घाटाच्या वर मात्र घरी भट्टी लावणे हा गुन्हा. आणि मी पाहिलेले सोमवार आठवले, की तो तसाच असलेला बरा असे मला वाटते. पण म्हणून फळ कुजावेच, असेही नाही. बोंडाचा घसा धरणारा तुरटपणा हाही त्या टॅनिनचाच. साबुदाण्याची पेज घालून रस निवळला, की तो तळाशी बसतो आणि वर सरबताजोगा रस राहतो. हे मी धाकट्याला सांगितले. तो हसला. "म्हणजे इथंही गाळच काढायचा, सर."

घरी आई ओसरीवर बसली होती. गळ्यात तुळशीची माळ. मी चोरासारखा दूर उभा राहिलो. तिने विचारले, "काय रे, विहिरीत काय लोंबत ठेवलेलास दोन दिवस?"

"द्राक्षासव गं, आई."

"मग लपवायचं काय त्यात? बाळंतपणात मलाही पाजलेलं की, दशमूळारिष्ट. दोन्ही वेळा." आणि माझ्याकडे वळून, "या गुरुजी, हातपाय धुवा. भाकरी टाकलीया."

दिवाळीत अण्णाचा फोन आला. कुंपणाचे खांब रोवून झाले होते. कागदाविषयी तो काही बोलला नाही, मीही विचारले नाही. "पुढच्या हंगामाला या," म्हणाला. "बायकोनं त्या बाटलीत बोंडाचं सरबत भरून ठेवायचं ठरवलंय. बाटली चांगली जाड हाय."